रझियाबीचा निळा टप

मी टप बोलतोय. शहरातली माणसं मला टब म्हणतात, पण कोकणातल्या नाटे गावाच्या बंदरावर मी पहिल्या दिवसापासून टपच. रंगानं निळा, म्हणजे एके काळचा निळा. आता उन्हानं पार विटलोय आणि बुडाला वीतभर चीर गेलीय. उद्या भंगारवाला येणार आहे. तो यायच्या आत माझं सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तापलेला लगदा साच्यात पडला आणि बघता बघता आम्ही एकासारखे एक पन्नास भाऊ बाहेर पडलो. एकात एक बसवून आम्हाला टेम्पोत भरलं. घाट उतरताना एवढे हिंदकळलो की कोण कुठे संपतो आणि कोण कुठे सुरू होतो तेही कळेना. राजापूरच्या बाजारात दुकानदारानं मला दाराशी दोरीला टांगलं.

बाजारात बायका टप घेताना बोटानं टकटक वाजवून बघतात. रझियाबीनं मला खाली उतरवायला लावलं, चपला काढल्या आणि ती चक्क माझ्यात उभी राहिली.

"अगो बाई, फुटेल ना तो!" दुकानदार ओरडला.

"फुटला तर तुझा. नाय फुटला तर माझा."

मी फुटलो नाही. असा मी तिचा झालो.

रझियाबी मासळी विकायची. तिचा नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, तो आजारपणात लवकर गेला. मुलगा जैनुद्दीन तेव्हा शाळेत होता. होड्या धक्क्याला लागल्या की ती लिलावातून माल उचलायची, माझ्यात बर्फाचा चुरा पसरायची आणि त्यावर बांगडे, सौंदाळे, दिवस बरा असला तर एखादी सुरमई मांडायची. बारा वर्षं मी तिच्या पुढ्यात बसलो. माणसं तिथेच ओळखायला शिकलो. "आज माल ताजा नाय" म्हणून नाक मुरडत पुढे गेलेला माणूस दहा पावलांवरून हमखास परत येतो. आणि गिऱ्हाइकाच्या कडेवर लहान मूल असलं, की रझियाबी एक बांगडा जास्तीचा टाकायची. "हा पोराचा," म्हणायची. ते दिवस आठवले की अजून अंगाला बर्फाचा गारवा जाणवतो.

पुढे तिचे गुडघे धरले. जैनुद्दीन शिकून कुवेतला टगबोटीवर नोकरीला लागला. तिथून फोनवर म्हणाला, "अम्मी, आता बस कर." तिनं बस केलं. मग मला घरामागच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावर, पालथं घातलं. दोन वर्षं मी तसाच. एक कोंबडी माझ्या सावलीत पिल्लं घेऊन बसायची, तेवढीच सोबत.

जैनुद्दीनचं लग्न झालं. बायको समरीन गावातलीच, तीन घरं सोडून पलीकडची. लहानपणापासून ती रझियाबीला 'खाला', म्हणजे मावशी, म्हणायची आणि लग्नानंतरही तिनं हाक बदलली नाही. वर्षभरानं उमेर झाला. तो बसता झाल्यावर रझियाबीनं मला गडग्यावरून उतरवलं. "याच्यात न्हाऊ घालू पोराला."

"याच्यात? खाला, माझं पोर म्हावऱ्यासारखं वास मारेल!"

रझियाबीनं मला राखेनं घासलं, मग चिंचेनं, मग लिंबाच्या सालींनी, आणि तीन दिवस कडक उन्हात ठेवलं. चौथ्या दिवशी समरीननं माझ्यात डोकं घालून हुंगलं.

"येतोय अजून थोडा."

"थोडा असूदे. नाट्याचंच पोर आहे."

दोघी खळखळून हसल्या. मी आयुष्यभर मेलेल्या माशांचं ओझं वाहिलं होतं. आता माझ्यात एक जिवंत, गुबगुबीत मासा बसायला लागला. उमेर दोन्ही तळवे उघडून पाण्यावर फाटकन थाप मारायचा आणि स्वतःच दचकून हसायचा. असं सुख प्रत्येक टपाच्या वाट्याला येवो.

उमेर साडेतीन वर्षांचा असतानाची गोष्ट. मार्च महिना, दुपारची वेळ. रझियाबीनं चहाची किटली बुटक्या स्टुलावर ठेवली आणि कपबशा आणायला ती फडताळाकडे वळली. उमेरनं किटलीखालचा रुमाल ओढला आणि उकळता चहा त्याच्या हातावर सांडला. मी मागच्या पडवीत पाण्यानं भरलेला होतो. मला ऐकू आली ती फक्त किंकाळी. समरीन त्याला उचलून धावत आली आणि त्याचा उजवा हात तिनं माझ्यातल्या पाण्यात धरून ठेवला. तो सोडवायला बघत होता, ती सोडत नव्हती. तेवढं बरं केलंत, असं रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. पण उमेरच्या लेखी ते दुखणं आणि मी एकच झालो. त्यानंतर मला बघितलं की तो रडायचा.

पट्ट्या सुटायला कित्येक आठवडे गेले. जखम भरली, पण मूठ मिटली ती मिटलीच. उमेर तो हात फ्रॉकसारख्या लांब सदऱ्याआड लपवायचा. जेवण डाव्या हातानं. आलेगेले पाहुणे म्हणायचे, "अरे, डाव्यानं जेवतोस?" आणि समरीनचा चेहरा उतरायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की नवी कातडी आवळत जाते, बोटं रोज उघडून ताणली पाहिजेत, नाहीतर पुढे ऑपरेशन. समरीन रोज त्याला मांडीवर घेऊन एकेक बोट उघडायला बघायची. तो किंचाळायचा. मग तीही रडायची.

आणि समरीन-रझियाबीचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, शब्द नाही, काहीच नाही. समरीन जेवायला वाढायची, औषधाच्या वेळा सांगायची, आणि संपलं. रझियाबीनं चहा सोडला. किटली फडताळाच्या मागे गेली. मी पडवीत बसून ऐकत राहायचो, पण त्या घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एका दुपारी शेजारणीनं तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणून दिल्या. वाळू सुटावी म्हणून रझियाबीनं त्या माझ्यात पाणी घालून भिजत टाकल्या. थोड्या वेळानं शिंपल्या उघडायला लागल्या. एकीनं बारीक पिचकारी उडवली. उमेर दारात उभा होता. एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. शेवटी माझ्या काठाशी उकिडवा बसला.

"दादी, ती थुंकली!"

"थुंकली ना? बघ, परत थुंकेल."

त्यानं डावा हात पाण्यात घातला. रझियाबी 'उजवा घाल' म्हणाली नाही. बारा वर्षं गिऱ्हाइकं बघितलेली बाई. घाई केली की माणूस पुढे निघून जातो, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी समरीन पंचायतीच्या शिवणवर्गाला गेल्यावर रझियाबीनं मला स्वच्छ धुतलं, उन्हात तापलेलं पाणी चार बोटं ओतलं आणि त्यात एक वाटी, चहाची गाळणी आणि सरबताची रिकामी बाटली सोडली. मग माझ्याशेजारी स्टूल टाकून ती बसून राहिली. उमेर डाव्या हातानं वाटीतलं पाणी बाटलीत ओतायला लागला. बाटली आडवी झाली. परत उभी केली, परत आडवी.

"दादी, धर ना."

"माझे गुडघे वाकत नाय रे. तूच धर."

तो बाटलीकडे बघत बसला. बराच वेळ. मग सदऱ्याआडून उजवा हात बाहेर आला. आधी मनगटानं टेकू दिला. बाटली घसरली. मग मिटलेली मूठ किंचित सैल झाली, दोन बोटं बाटलीच्या गळ्याभोवती गेली, आणि पाणी गळगळ करत आत उतरलं. माझ्यातलं पाणी थरथरत होतं. मला वाटतं, रझियाबी माझा काठ घट्ट धरून बसली होती म्हणून.

नेमकी तेव्हाच समरीन परत आली. तिला दिसलं ते एवढंच, की भिजलेलं पोर आणि पाण्यातला भाजलेला हात.

"खाला! कोणाला विचारून? त्याच्या हाताला काही झालं म्हणजे? चहा तुमचा होता, आता पाणीपण तुमचंच का?"

इतक्या दिवसांत ती बोलली ती हे बोलली. रझियाबी उठली. पाणी अळवाला ओतलं, मला पालथं घातलं आणि आत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

तीन दिवस मी पालथाच. चौथ्या दिवशी माझ्या पाठीवर टकटक झाली. उमेर होता. मला उलटवायला बघत होता आणि मी काही त्याला हलत नव्हतो. समरीन शिवणयंत्रावरून उठून आली.

"काय करतोस रे?"

"बाटली भरायची आहे. अशी धरून." त्यानं आईला दाखवलं. डाव्या हातात वाटी, उजव्यात बाटली. दोन बोटांनी धरलेली.

समरीननं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तिकडचं मला ऐकू आलं नाही, पण इकडून ती म्हणत होती, "हो, जखम पूर्ण भरलीय... कोमट, स्वच्छ पाणी... जबरदस्ती नाही... बरं, नंतर तेल लावते." फोन ठेवून तिनं मला साबणानं घासलं, कोमट पाणी भरलं आणि रझियाबीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"खाला, या ना बाहेर. मला नाही येत ते. तुम्हीच बसा."

रझियाबी आली. स्टुलावर बसून तिनं पाणी किती कोमट आहे ते हात घालून बघितलं. मग रझियाबी म्हणाली, "माझ्या हातून झालं गो ते. किटली मीच ठेवली."

"मी कुठे होते, खाला? बाजूच्याच खोलीत फोनवर बोलत होते. त्यानं मला दोनदा हाक मारली होती. मी 'थांब' म्हटलं." समरीन स्टुलाशेजारी जमिनीवर बसली. "तुमच्यावर कसली रागावू? तुमच्याकडे बघितलं की मला माझंच तोंड दिसायचं."

रझियाबीनं ओल्या हातानंच तिला जवळ घेतलं. उमेरला त्याचं काही नव्हतं. त्याची बाटली भरत आली होती.

पुढचे दोन महिने म्हणजे माझ्या आयुष्यातला सण. दुकानातलं एकही खेळणं आलं नाही. भांडी घासायचा स्पंज आला. एका पातेल्यातलं पाणी स्पंजनं शोषून दुसऱ्यात पिळायचं. आधी दोन थेंब पडायचे, मग धार. समरीननं बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडून दिली, दाबली की पाऊस. काय बुडतं आणि काय तरंगतं त्याची रोज परीक्षा व्हायची. खडा बुडाला, सुपारीचं सोपट, म्हणजे वरची साल, तरंगलं, आणि समरीनचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान आधी तरंगलं, मग गटांगळी खाऊन बुडालं, तेव्हा उमेर अर्धा दिवस तेवढंच करत बसला. वाटीत जास्वंद घालून बर्फ गोठवायचा आणि तो माझ्यात सोडायचा. फूल सुटेपर्यंत पोर जागचं हलायचं नाही, आणि तेवढा वेळ बोटं आपोआप उघडमीट करत राहायची. या सगळ्याला ती माणसं खेळ म्हणत होती. दुखत नव्हतं असं नाही. मध्येच तो कळवळायचा, हात बाहेर काढायचा. कुणी त्याला घाई करायचं नाही. मग हात परत पाण्यात यायचा.

एका संध्याकाळी कुवेतहून जैनुद्दीनचा व्हिडिओ कॉल आला. समरीननं मोबाइल माझ्यासमोर धरला. "अब्बाला दाखव."

उमेरनं हात वर केला आणि पाण्यावर थाप मारली. उघड्या तळव्यानं. मोबाइल, समरीन, रझियाबी, सगळे भिजले. पलीकडून जैनुद्दीन काहीच बोलेना. रझियाबी घाबरून म्हणाली, "बंद पडला काय गो फोन?" फोन चालू होता. तो रडत होता.

ऑपरेशन टळलं. करंगळी मात्र अजून थोडी वाकडीच आहे, ती तशीच राहणार. उमेर आता आठ वर्षांचा आहे. त्याच हातानं लिहितो, त्याच हातानं जेवतो, आणि बंदरावर पोरांबरोबर क्रिकेट खेळून आला की माझ्याकडे न बघता पुढे जातो. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुलांनी टपातून उठून जायचंच असतं.

मध्यंतरी माझ्यात पुदिना लावला होता. मग बुडाला चीर गेली आणि मातीही ठरेना. काल समरीननं राजापूरहून नवा टप आणला. लाल. उमेरला बहीण झालीय, अफीफा, नुकतीच बसायला लागली आहे. रात्रभर आम्ही दोघे पडवीत शेजारी होतो. तो नवा आहे, गप्प गप्प आहे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, चार बोटांहून जास्त पाणी कुणी ओतलं तर घाबर, आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं नसेल तर जास्त घाबर. मूल एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत शंभर वेळा ओतेल. तू कंटाळू नकोस. त्याचं काहीतरी मोठं काम चाललेलं असतं, ते आपल्याला कळलंच पाहिजे असं नाही.

हेच तुम्हालाही सांगायचं होतं. तुमच्या घरातही कुठेतरी माझा एखादा भाऊ पालथा पडला असेल. त्याला एकदा सरळ करा, वाटी-गाळणी द्या, मोबाइल बाजूला ठेवा आणि पोराशेजारी बसा. झालं की पाणी ओतून टाका, त्याला पुन्हा पालथा घाला. तो तक्रार करणार नाही.

मी आता वितळेन, कुणाच्या तरी साच्यात पडेन, काहीतरी होईन. चला, ऊन पडवीत आलं. अफीफाला घेऊन समरीन दारात उभी आहे. नवा टप कोरडाच आहे, कोमट पाण्याची बादली बाजूला भरून ठेवलीय, आणि ती आत हाक मारतेय,

"खाला, तुम्ही आधी येऊन बसा. मग पाणी ओतते."