कुणाच्या डोक्यावर

गोजरबाईनं तव्यावरची भाकरी अर्धीकच्ची उतरवली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि पदर डोक्यावर घेऊन ती कालव्याच्या कडेनं द्वारकाबाईच्या मळ्याकडे निघाली. दिवस मावळतीला आला होता. ही वेळ तिच्या नवऱ्याची, महिपतीची. पूर्वी या वेळेला तो ओढ्यातल्या भट्टीवर असायचा. आता तो द्वारकाबाईच्या ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसतो, हे सगळ्या लासुर्ण्याला ठाऊक होतं. भट्टीवर जायचा तेव्हा गावाला निदान गोजरबाईची कीव यायची. आता पाणवठ्यावरच्या बाया तिच्याकडे बघून नुसत्या हसत.

महिपतीनं दारू सोडली होती. पाऊसकाळ सरला, संक्रांत झाली, तरी थेंब नाही. पहिले काही दिवस गोजरबाईला आनंदानं झोप लागेना. मग दुसऱ्याच कारणानं लागेना.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? दारूबंदीचा कायदा आला तेव्हा तिनं घरोघर गूळ वाटला; कायदा मात्र ओढ्यापर्यंत पोचलाच नाही. तिनं बाटल्या फोडल्या, पोलीस पाटलाचे पाय धरले, बारामतीला माहेरी जाऊन बसली आणि कुणी न्यायला येईना म्हणून आपल्याच पायांनी परत आली. तीनदा महिपतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि तीनदा मोडली. शपथेत काही जीव असता तर गोजरबाई एव्हाना तीनदा मेली असती. ती तर धडधाकट होती, भाकऱ्या थापत होती.

मग ही टिकलेली शपथ कुणाच्या डोक्यावरची? जे डोकं जाऊ नये असं माणसाला आतून वाटतं, त्याच्यावरचीच शपथ टिकते. एवढं एकच गणित तिच्या मनात दिवसरात्र फिरत होतं, आणि उत्तर दरवेळी द्वारकाबाई येत होतं. द्वारकाबाईचा नवरा गेणू हा महिपतीचा भट्टीवरचा जोडीदार. आखाडात कसलीशी दारू पिऊन तो तडफडून गेला. त्याचे दिवस झाले आणि महिपतीचं त्या घरी जाणं सुरू झालं.

ओसरीवर मेथीचा ढीग होता. महिपती केळीच्या सोपटानं जुड्या बांधत होता. दुसऱ्या टोकाला द्वारकाबाई पिवळी पानं खुडत होती. कुणी बोलत नव्हतं. दोघं हसत-खिदळत असती तर बरं झालं असतं, भांडायला सोपं. पण ती तर संसारात मुरलेल्या नवराबायकोसारखी गप्प होती. गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"या की," द्वारकाबाई म्हणाली. "आज हिकडं वाट चुकला जनू?"

"मी न्हाय चुकले. आमचं मानूस चुकलंय, ते न्यायला आले."

महिपतीची मान खाली गेली. हातातली जुडी मात्र त्यानं पुरी बांधली.

"न्या की. मी काय दावनीला बांधलं न्हाय."

"बांधलंय का न्हाय तेच इचारायचंय. कुनाच्या डोक्यावर हात ठिवला ह्यांनी? तुमच्या?"

"अगं," महिपती उठू लागला.

"तुमी बसा. मी त्यास्नी इचारतिया."

द्वारकाबाईनं ओच्यातली पानं झटकली.

"ठिवाय आलं हुतं भावजी. म्हनलं, हात काढा. ह्या डोक्याला शपथांनी घट्टं पडल्यात. आमच्या मालकांनी किती घेतल्या, एक बी कामाला आली न्हाय. शपथ नगं, आज अंधार पडंपातूर मेथी बांधा. उद्या प्यायची तर उद्या प्या."

"आन् उद्या?"

"उद्या परत मेथी असतीच की."

वारा फिरला आणि ओढ्यातल्या भट्टीकडून सडक्या गुळाचा उग्र वास आला. महिपतीची बोटं सोपटाच्या गाठीत थांबली. त्याचं मनगट धरावं आणि 'माझी शपथ हाय' म्हणावं, असं गोजरबाईच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात द्वारकाबाईनं त्याच्याकडे न बघताच मेथीचा नवा भारा पुढं ढकलला.

"ह्या थोरल्या बांधा. वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरातल्या बाया बारक्या जुडीला नाकं मुरडत्यात."

बोटं पुन्हा चालू लागली.

गोजरबाई पायरीवर बसली. भांडायला ती एक डोकं शोधत आली होती, आणि इथं कुणाचं डोकंच नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच झोंबलं. एवढीशी गोष्ट, आणि ती आपल्याला सुचली नाही.

"तुमी माझ्यावर जळता, कळतंय मला," द्वारकाबाई पानं खुडता खुडता म्हणाली. "मी तुमच्यावर जळती, ते कुनाला सांगू? मला हे सुचलं तवा बांधाय बसवायला घरात मानूसच न्हवतं."

 गोजरबाईनं एक जुडी उचलली, उगीच उलटीपालटी करून परत ठेवली.

घरी जाताना महिपती मागून चालत होता. कालव्याच्या मोरीपाशी तो थांबला.

"उद्या जाऊ का नगं?"

इतक्या वर्षांच्या संसारात कुठं जाऊ का, असं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. 'नगं' तिच्या जिभेवर तयार होतं, चांगलं पिकून. ते तिनं कसंबसं गिळलं.

"जा. पन च्या घरनं पिऊन जा. तिचा नगं."

"तितं कुठला च्या? गेणू गेल्यावर गाय इकली त्येंनी."

हे तिला माहीत नव्हतं.  घर दिसू लागलं तेव्हा ती शिवी द्यावी तशा आवाजात म्हणाली,

"तर तांब्याभर तिला बी न्या."

महिपती दाराची कडी काढायला पुढं झाला.

"पन तांब्या तितं ठिवायचा न्हाय. रोजच्या रोज घरी आनायचा."