रत्नाकरांचं पान

मी तोंडाची फटकळ नर्स, हे सौदीतल्या खमीस मुशैतच्या आमच्या हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक आहे.

डोळ्याचं ऑपरेशन झालेले जमालुद्दीन चाचा पाकिस्तानातून मुलाकडे आलेले. मी पट्टी बदलत होते, तर विचारतात, "कहाँ की हो, बेटी?"

"नाशिक."

"नाशिकचा एक जण आमच्या अंगणात वारला," ते उर्दूत म्हणाले. "एकाहत्तरच्या लढाईत. तुमचं बाँबफेकी विमान आमच्या शेतात कोसळलं. पायलट जागीच गेला. दुसरा पहाटेपर्यंत होता. रत्नाकर नाव सांगितलं त्यानं."

अगं बाई! रत्नाकर म्हणजे माझे सासरे, हवाई दलात तशाच विमानाचे नॅव्हिगेटर. सरकारच्या लेखी त्या लढाईत बेपत्ता. माझा नवरा सुबोध तेव्हा पोटात होता. सासूबाई इथे आमच्याकडेच असतात; आजही ठसठशीत कुंकू लावतात, वटपौर्णिमेचा उपास धरतात. त्यांच्यासमोर सासऱ्यांना 'कैलासवासी' म्हणायची कुणाची टाप नाही.

सुबोध कामावरून फोनवर म्हणाला, "आईला सांगू नकोस. मरेल ती."

"अरे, रोज थोडी थोडी मरतेच आहे, दिसत नाही तुला?" मी फोन आपटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना सरळ वॉर्डात नेलं.

चाचांनी सगळं सांगितलं. फौजेच्या भीतीनं गावानं दोघांनाही बोरीखाली गुपचूप पुरलं होतं. सासूबाई ताठ बसून ऐकत होत्या.

"पाणी मागितलं का हो त्यांनी?"

"मागितलं. माझ्या अम्मीनं पाजलं. तिच्या मांडीवरच गेले. पुढे दरवर्षी त्या दिवशी अम्मी गोड भात शिजवायची, दोघांच्या नावानं गावात वाटायची. म्हणायची, कुणाची तरी लेकरं आहेत, उपाशी राहू नयेत."

मला वाटलं, आता या कुंकू पुसणार. पण त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

"कौमुदी, पितृपंधरवड्यात तुझे चुलत सासरे दरवर्षी म्हणायचे, वहिनी, दादाचं पान वाढू या. एकदा तर त्यांनी वाढलेलं ताट मी भिरकावलं गं. जित्या माणसाचं श्राद्ध घालता, म्हणून तोंडाला येईल ते बोलले."

"आई, तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

त्यांना ऐकूच आलं नाही. त्या हमसून हमसून रडत होत्या.

"परकी बाई जेवू घालत होती त्यांना, आणि मी बायको असून उपाशी ठेवलं."