झाकणाचं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. वर पत्र्याचं ताट, पुढे गोल तबकडी आणि तिच्यावर लाल काटा, एवढाच माझा थाट. पण आज मला अगदी राहवत नाही! आमच्या घरात आज जे घडलं, ते तुम्हांला सांगितल्याशिवाय माझा काटा काही जागेवर यायचा नाही.

टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीत मी तीस वर्षं नोकरी केली. खिडकीवर आमच्या घरचे बाबा बसायचे. कुणी वजनावरून हुज्जत घातली, की ते गरजायचे, "आमचा काटा म्हणजे काटा!" मग माझा ऊर कसा भरून यायचा! पुढे आकडे चमकवणारी यंत्रं आली आणि मी अडगळीत पडलो. माझ्या ताटात कोळ्याने बिनधास्त जाळं विणलं. पण बाबांनी मला टाकलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळे त्यांना भिंतीवरचं घड्याळ देत होते. "घड्याळ राहू द्या, तो काटा द्या," म्हणाले!

बाबांची सूनबाई चिनी मातीच्या किटल्या घडवते आणि ऑनलाइन विकते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. ती घडवते, बाबा बांधतात, मी तोलतो. आमचा नियम पक्का आहे. जाणारं खोकं आधी माझ्यावर ठेवायचं, फोटो काढायचा आणि मगच दाराबाहेर पाठवायचं. परत आलेलं खोकंही उघडण्याआधी माझ्यावर ठेवायचं. बाबांना एकच खोड. वजन करताना त्यांचा हात खोक्यावरून निघत नाही. मग सूनबाई ओरडते, "बाबा, हात!" आणि बाबा चटका बसल्यासारखा हात मागे घेतात.

एकदा दोन किलोचं खोकं गेलं आणि परत आलं ते जेमतेम सहाशे ग्रॅमचं. उघडलं तर आत किटली नाहीच, जुन्या चपला! सूनबाईने दोन्ही फोटो ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीला पाठवले आणि त्या गिऱ्हाइकाचा पैसे परत मागणारा दावा फेटाळला गेला. त्या दिवशी बाबांनी मला तेलपाणी केलं. मी आठवडाभर हवेत होतो.

तर आजची गोष्ट. वाटेत फुटलेल्या किटल्यांमुळे आमच्या नावावर आधीच दोन चुका लागल्या होत्या. तिसरी लागली की दुकान बंद, असा कंपनीचा नियम. आणि नेमकी आजच एक किटली परत आली. सोबत ती मागवणाऱ्या बाईंची तक्रार: "झाकण मिळालंच नाही. पैसे परत करा." पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

बाबांनी खोकं माझ्यावर ठेवलं. भरलं एक किलो आठशे.

"बघ सूनबाई! दोन किलोचं गेलं होतं. बाईने झाकण खुशाल ठेवून घेतलंय. चपलांचाच प्रकार! पाठव फोटो, होऊ दे दूध का दूध!"

सूनबाईही तापलेली होती. तिने पाठवणीच्या दिवसाचा फोटो शोधला आणि फोन बाबांपुढे धरला. बाबा वाकून पाहू लागले. फोटोत मी होतो, खोकं होतं. बाबांचे दोन्ही हात बाजूला होते. आणि माझा काटा एक किलो आठशेवर होता.

मित्रांनो, मी त्या दिवशीही खरंच सांगत होतो! पण घाई होती, कुरिअरवाला दारात घंटी वाजवत होता. फोटो काढायची सवय होती, तो वाचायचा राहून गेला.

सूनबाईची नजर हळूहळू बांधायच्या टेबलावर गेली. तिथे दहा दिवसांपासून बाबा एका निळ्या वाटीत रबरबँड ठेवत होते. तिने वाटी उलटी केली. रबरबँड सांडले आणि वर झाकणाची गोल मूठ दिसली.

बाबांनी झाकण हातात घेतलं. "तीस वर्षं पार्सलं केली मी. आणि तुझं दुकान मीच बुडवलं पोरी."

एक पळवाट होती. त्याच दिवशीच्या दुसऱ्या किटलीचा दोन किलोचा फोटो लावला असता, तर कंपनीला पत्ताही लागला नसता. सूनबाईचं बोट त्या फोटोवर थांबलेलं मी पाहिलं.

मग तिने बोट उचललं. "त्या बाईंना आपण खोटं पाडायचं का, बाबा?"

बाबांनी मान हलवली. सूनबाईने लिहिलं, "चूक आमची आहे. झाकण आमच्याकडेच राहिलं होतं. पैसे परत करत आहोत. क्षमा करा." सोबत एक किलो आठशेचाच फोटो लावला आणि बटण दाबलं. साडेचार वाजले होते. दोघं एकमेकांकडे न बघता रबरबँड गोळा करत बसले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. त्याच बाई होत्या. "अहो, मी दुकानवाल्यांशी भांडायच्या तयारीने बसले होते, आणि तुम्ही तर चूक कबूलच केलीत! मला किटलीच हवी हो, पैसे नकोत. झाकणासकट पाठवा. तक्रार मी आत्ताच मागे घेतली बघा!"

दुकान वाचलं! सूनबाईने टाळी वाजवली, बाबांनी डोळे पुसले आणि माझा काटा उगाचच थरथरला.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझं ताट पुसत जा, माझ्यावर चहाचे कप ठेवू नका आणि मी दाखवतो ते वाचत जा. ते आपल्या विरुद्ध असलं तरी वाचा.

थोड्या वेळापूर्वी किटली पुन्हा बांधली गेली, या वेळी झाकणासकट. बाबांनी खोकं माझ्यावर ठेवलं. सूनबाई ओरडायला तोंड उघडणार, तोच तिचं लक्ष गेलं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते आणि मोठ्याने वाचत होते, "दोन किलो!"