टाचण्या पडल्याचा आवाज

दुकान एकच होतं, पण मध्ये एक पडदा होता आणि पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी राज्यं होती. अलीकडे नवऱ्याचं: मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि भिंतभर खिळ्यांना लटकवलेले वायरवाले इअरफोन. पलीकडे बायकोचं: शिवणयंत्र, इस्त्री आणि लोकांच्या उसवलेल्या, आखूड झालेल्या, बटणं तुटलेल्या कपड्यांचे ढीग. दोन्ही राज्यांत दिवसभर बोलाचाल चालायची, म्हणजे पलीकडून बोलणं यायचं आणि अलीकडून "हं" जायचं.

नवऱ्याला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. कुणी कौतुकानं, कुणी चिडवायला. हा पठ्ठ्या दोन्ही कौतुकातच जमा करायचा. स्वस्त इअरफोन विकणारे त्या रस्त्यावर पैशाला पासरी होते, पण विकण्याआधी स्वतःच्या कानात घालून बघणारा हा एकटाच. काउंटरच्या वर त्यानं आपल्या हातानं रंगवलेली पाटी होती: 'ऐकून दिलेले'. दुकानाचं खरं नाव काय होतं ते आता त्यालाही चटकन आठवत नसे.

नवा माल आला की त्यातला एक नग परीक्षेला बसायचा. तो पास झाला तरच बाकीचे खिळ्यावर चढायचे. पहिला पेपर आरामाचा. सकाळी इअरफोन कानात घालायचे आणि कामाला लागायचं. घास चावताना निसटतात का, मान वळवली की वायर शर्टाला घासून खरखर करते का, दुपारपर्यंत कानाच्या कडेला रुततात का, हे सगळं तो बारकाईनं बघायचा. पण खरी खूण एकच. कानात काही आहे हे तो साफ विसरला, तरातरा उठला, वायर ड्रॉवरच्या मुठीत अडकली आणि फोनसकट सगळं जमिनीवर आलं, की इअरफोन पास. या नादात फोनची काच कितीदा बदलावी लागली ते बायकोला विचारावं. "तुमच्या पास झालेल्यांपेक्षा नापास झालेले परवडतात," ती म्हणायची.

दुसरा पेपर आवाजाचा. इथे गाणं चालायचं नाही. गाण्यात सगळेच इअरफोन गोड लागतात. जरा ढमढम वाढवून दिली की गिऱ्हाईक खूश, असं त्याचं मत होतं. त्याच्याकडे एक रेकॉर्डिंग होतं. फार पूर्वी फोनचं कुठलंसं बटण चुकून दाबलं गेलं आणि पडद्यामागची बायको त्यात सापडली. त्यात ती कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत स्वतःशीच बोलते आहे: "ही बाही हातानं शिवलीय की पायानं?" मग कात्री टेबलावर ठेवते. मग कोटातल्या टाचण्या काढून एकेक पत्र्याच्या डबीत टाकते. मग विचारते, "अहो, ऐकताय ना?" उत्तर येत नाही. "नाहीच ऐकणार," म्हणून हसते आणि रेकॉर्डिंग संपतं.

फोन बदलले, रेकॉर्डिंग तेच राहिलं. टाचण्या सुट्या सुट्या ऐकू आल्या तर इअरफोन चांगला. सगळ्यांची मिळून चुरचुर झाली तर माल परत. किती साधा आणि किती बिनतोड पेपर, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं.

दुपारी जेवणानंतर गल्ली निवांत झाली की कानसेन काउंटरवर कोपरं टेकून एक डुलकी काढायचा. तेव्हा पडद्यामागचं यंत्रही बंद असायचं. बायको त्या वेळी हातानं बटणं लावायची. दुपार ही बटणांची वेळ, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मग ते पांढरे इअरफोन आले. वजनाला काही नाहीत, रबरी टोप्या मऊसूत. पहिल्याच दिवशी फोन दोनदा खाली आला, म्हणजे पहिल्या पेपरात पहिला नंबर. दुसऱ्या पेपरात टाचण्या एकेक पडल्या. कानसेननं ढीगभर मागवले आणि मधली अख्खी रांग पांढरी करून टाकली.

त्यातला एक जोड टाइप करणाऱ्या ताईनं नेला. डॉक्टर लोकांची बोलून ठेवलेली टिपणं ऐकायची आणि टाइप करून द्यायची, हे तिचं काम. दिवसभर कानात घालून बसणारी ती, म्हणजे त्याच्या हिशेबी खरं गिऱ्हाईक. आठवडा उलटायच्या आत ती परत आली.

"काका, बसतात अगदी छान. कानात आहेत हे कळतसुद्धा नाही," ती म्हणाली. "पण आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. प्रत्येक वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकावं लागतं. संध्याकाळपर्यंत डोकं उठतं."

कानसेनच्या कपाळावर आठी पडली. "मी स्वतः ऐकून दिलेत, ताई."

"म्हणून तर तुमच्याकडून घेतले."

हे त्याला चांगलंच झोंबलं. त्यानं तोच जोड आपल्या फोनला लावला, तिला कानात घालायला सांगितला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "आता टाचण्या ऐका."

ती ऐकत राहिली. मधेच हसली. शेवटी इअरफोन काढून म्हणाली, "काकूंचा आवाज ना? मजेशीर आहे. पण टाचण्या कुठल्या?"

त्यानं इअरफोन पुसून स्वतः घातले. पडतच होत्या की टाचण्या, एकामागून एक, स्वच्छ. त्याला तिची दया आली. एवढ्या तरुण वयात कान जावेत.

"ताई, राग मानू नका. एकदा कान तपासून घ्या."

"कामावर घेतानाच तपासले होते, काका. काही दोष नाही."

एवढं बोलणं झाल्यावर पडदा हलणारच होता. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान तसंच ठेवून बायको बाहेर आली. "बघू," म्हणून तिनं इअरफोन घातले आणि आपलंच बोलणं ऐकलं.

"यात टाचण्या नाहीत," ती म्हणाली.

"अगं, तू स्वतः टाकल्यास त्या."

"टाकल्या असतील. ऐकू येत नाहीत."

दोघींनी मिळून आपल्याविरुद्ध कट केलाय, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बायकोनं वाद घातला नाही. ती त्याचा फोन घेऊन पडद्यामागे गेली आणि थोडा वेळ काहीतरी करून परत आली. "हे नवीन आहे. ऐका आणि काय काय झालं ते सांगा."

त्यानं डोळे मिटले. पांढऱ्या इअरफोनमध्ये तिचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा आला आणि मागे काहीतरी खुडबुड. "तू काही बोललीस. मग... उंदीर होता का?"

बायकोनं ड्रॉवरमधला त्याचा जुना काळा जोड लावून दिला. आता सगळं लख्ख. ती म्हणत होती, "निळ्या शर्टाला खालचं बटण नाही." मग टाचण्या पडल्या, एकेक. आणि शेवटी तिनं दातांनी दोरा तोडला, तोही ऐकू आला.

कानसेननं दोन्ही जोड शेजारी ठेवले. पांढऱ्या इअरफोनमध्ये टाचण्या नव्हत्याच. इतक्या वेळा ऐकून ते रेकॉर्डिंग त्याच्या डोक्यात बसलं होतं, आणि इअरफोन जे गाळत होता ते डोकं आपल्या पदरचं घालत होतं. असं केव्हापासून चाललं होतं, देव जाणे. भिंतीवरचे किती जोड त्यानं ऐकून दिले होते आणि किती आठवून, हेच आता सांगता येत नव्हतं.

त्यानं ताईची माफी मागितली, काम अडू नये म्हणून आपला काळा जोड तिला दिला. ती गेल्यावर तो स्टुलावर चढला आणि पाटी घेऊन खाली उतरला.

बायको आता धारेवर धरणार, अशी त्याची खात्री होती. ती म्हणाली, "म्हणजे ते सगळं तुम्हाला पाठ आहे?"

"पाठ म्हणजे... कात्री ठेवायच्या आधी तू श्वास घेतेस. 'बाही' म्हणताना जरा अडखळतेस. हसायच्या आधी तुझं हसू नाकात येतं. आता कशाला ते? दुकान बुडालं माझं."

ती स्टुलावर बसली. "आणि मी सगळ्या बहिणींना सांगत फिरतेय, की या माणसाला माझं बोलणं ऐकूच जात नाही." तिला आनंद झाला होता आणि तो लपवावा असं तिला अजिबात वाटलं नाही.

"हसतेस काय?"

"अहो, कान शाबूत आहेत तुमचे. पेपर फुटलाय फक्त," ती म्हणाली. "रोज नवा काढायचा. मी काढते."

तसं सुरू झालं. सगळे खिळे रिकामे झाले आणि एकेक प्रकार पुन्हा परीक्षेला बसला. पांढरे परत गेले, त्यांच्याबरोबर आणखीही काही गेले. नव्या पेपरात पास होणारा एक तरी जोड मिळाल्याशिवाय पाटी वर चढवायची नाही, असं कानसेननं ठरवलं. पाटी काउंटरला टेकून उभी होती आणि येणारा-जाणारा विचारायचा, की ही खाली का? तो खरं ते सांगायचा. दोनदा सांगताना मान खाली गेली, मग सवय झाली.

अडचण वेगळीच निघाली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं न ऐकलेलं असं रोज बोलायचं काय? आधी तिनं कपड्यांची मापं बोलून दाखवली. मग गिऱ्हाइकांच्या कॉलरी. तेही संपल्यावर ती मनातलं बोलू लागली. त्याचा आवडता तपकिरी शर्ट तिला बघवत नाही. लग्नाआधी ती झाडावर चढायची. कानसेन स्वस्तातले इअरफोन घालून हे सगळं ऐकायचा, इअरफोन नापास करायचा आणि दिवसभर खुशीत असायचा. "हं" जाऊन आता अलीकडूनही वाक्यं जायला लागली.

शेवटी राखाडी इअरफोन आले. दिसायला गरीब, टोप्या लहान. दिवसभर घालून तो विसरला आणि फोन रीतसर खाली आला. दुसऱ्या दिवशी काळा जोड परत करायला ताई आली, नेमकी दुपारी, डुलकीच्या वेळी. कानसेन जागा होता. पडद्यामागून बायकोनं फोन बाहेर सरकवला. "घ्या पेपर."

त्यानं राखाडी जोड कानात घातला. ताई काउंटरला टेकून बघत राहिली.

"तुम्ही दुपारी डोळे मिटता ना," बायकोचा आवाज आला, अगदी कानाशी, "तेव्हा मी यंत्र बंद ठेवते. बटणं काय, सकाळीही लावता येतात." मग टाचण्या पडल्या. प्रत्येक सुटी. डावीकडे आणि उजवीकडे सारखी.

कानसेननं पडद्याकडे बघितलं. एवढ्या सगळ्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या आणि त्या प्रत्येकीत ते यंत्र थांबलेलं होतं.

"आलं का ऐकू?" पडद्यामागून तिनं विचारलं.

त्यानं वाकून पाटी उचलली, ताईच्या हातात दिली आणि वरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. ती पाटी घेऊन स्टुलावर चढली. मग त्यानं घसा साफ केला.

"टाचण्या आल्या," तो म्हणाला. "बोलणं तेवढं नीट आलं नाही. परत एकदा बोल."