पुढचं दार

आम्ही नवराबायकोनं या मिशन हाऊसचा ताबा घेतला, त्या दिवशी मोठे साहेब स्वतः घर दाखवायला आले होते. मोठे साहेब म्हणजे मिशनचे प्रमुख. त्यांच्या होकाराशिवाय इथलं पान हलत नाही. त्यांनी सभागृह दाखवलं, मुलामुलींच्या खोल्या दाखवल्या, आणि शेवटी स्वयंपाकघरातून बोळात उघडणारं एक बुटकं दार दाखवलं.

"सेवा पूर्ण करून जाणारे पुढच्या दारानं जातात," ते म्हणाले. "मंडळीसमोर, डोक्यावर माझा हात आणि आशीर्वाद घेऊन. मधेच सोडून जाणारे इथून. बाकीचे उठायच्या आत. गाजावाजा नको."

मी मनात म्हटलं, कचराही याच दारानं जात असेल. जातच होता.

आमच्याकडे येणारी पोरं विशीतली. दोन वर्षं राहतात. जोडीजोडीनं गल्ल्या वाटून घ्यायच्या, दारोदार जायचं, कुणी ऐकून घेतलंच तर प्रभूविषयी बोलायचं, एखाद्या आजारी माणसाशेजारी बसायचं, कुणाचं सामान जिना चढवून द्यायचं. बहुतेक दारं तोंडावर बंद होतात. लोकांना वाटतं, तरुण मिशनरी सांभाळायचे म्हणजे त्यांना बायबलमधली वचनं शिकवायची. वचनं त्यांना तोंडपाठ असतात हो! येत नसतं ते पायाच्या फोडावर पट्टी बांधणं, जोडीदाराचं घोरणं सोसणं, आणि दिवसभर 'नको, नको' ऐकून आल्यावर पोटभर जेवणं. सकाळची प्रार्थना आणि गल्ल्यांची वाटणी आमचे हे बघतात. बाकी सगळं माझ्या गळ्यात, आणि ते मला आवडतं.

त्या पोरांत रेडिओ होती. खरं नाव तिच्या घरच्यांनाच आठवत असेल. तोंडात ब्रश असतानाही बोलायची. तिची जोडीदारीण उंच, अबोल, तिला सगळे जिराफ म्हणायचे. ती पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, हिचं बटण कुठे असतं?"

बटण कुणी बंद केलं कोण जाणे, पण हळूहळू रेडिओ बंद पडली. आधी जेवताना गप्प. मग जिराफनं येऊन सांगितलं, दारासमोर उभी राहिली की हिचा हात वर जात नाही, घाम फुटतो, श्वास लागतो. दोघींच्या वाटची दारं जिराफच ठोठावत होती. एका दुपारी मला रेडिओ न्हाणीघराच्या फरशीवर बसलेली सापडली. पायात बूट, खांद्याला पिशवी, बाहेर पडायची सगळी तयारी, आणि उठता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले. ओल्या फरशीवर बसायचं माझं वय नाही, पण बसले.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, हे मनाचं दुखणं आहे, पाय मोडण्याइतकंच खरं. औषध, झोप आणि घरची माणसं हवीत. दारोदार फिरणं आता बंद.

मी तिच्या वडिलांना फोन लावला. तेही आपल्या गावच्या चर्चच्या मंडळीतले मानाचे गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आम्ही तिला वाजतगाजत पाठवलीय. आता अर्धवट परत आली तर चार लोकांत मी कुठलं तोंड दाखवू? मंडळीसमोर निरोप मिळणार असेल तर कळवा, मी स्टेशनवर येतो. चोरासारखी येणार असेल तर तिचं तिनं बघावं."

"अहो, तुम्हाला मुलगी हवी आहे की मिरवणूक?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

रेडिओ समोरच बसली होती. तिला एकेक शब्द ऐकू गेला होता. "काकू," ती म्हणाली, "मी पळून नाही ना चालले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर नव्हे. मी मोठ्या साहेबांना फोन केला, आणि पोरीला निरोप द्यायची परवानगी मागितली.

"एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, बाई," ते म्हणाले. "आज हिला मानानं सोडलं, तर उद्या दहा जण आजारी पडतील. रविवारी मी उपदेशाला येतोच आहे. त्याआधी तिला रवाना करा. वाट तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, पोरगी आंबा नाही. आणि नासलेली तर मुळीच नाही."

त्यांनीही फोन ठेवला. त्या दिवशी सगळ्यांना फोन ठेवायचीच घाई होती.

आमचे हे स्वभावानं गरीब. म्हणाले, "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का?"

"मग काठावर जाऊ."

"काठावर आपलं घर नाही. होतं ते विकून इथं आलो, विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणून एका पोरीचं घर तुटू द्यायचं?"

ते उठून बागेला पाणी घालायला गेले. आमच्या ह्यांना काही सुचेनासं झालं की झाडांची चंगळ होते.

मी रेडिओचं तिकीट काढलं ते रविवार दुपारच्या गाडीचं. आणि नाश्त्याच्या टेबलावर सगळ्या पोरांना उघड सांगितलं, "रेडिओ आजारी आहे, घरी चालली आहे. रविवारी उपासनेनंतर तिला निरोप. ज्याला उभं राहायचंय त्यानं राहावं, नसेल त्यानं खुशाल भांडी घासावीत." भांड्यांना कुणीच हात वर केला नाही. एरवीही करत नाहीत म्हणा.

रविवारी मोठ्या साहेबांनी पहिल्या बाकावर बॅग घेऊन बसलेली रेडिओ पाहिली आणि त्यांची मुद्रा आंबली. उपदेश चिकाटीवर होता. मुद्दामच. तो संपून ते समारोपाच्या प्रार्थनेला वळणार, तोच मी उभी राहिले.

"साहेब, एक निरोप राहिलाय."

"त्याची ही जागा नाही, बाई."

"मग कुठली? स्वयंपाकघर?"

तेवढ्यात मागून खडखडाट ऐकू आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आमचे हे चपला काढून खुर्चीवर चढले होते आणि पुढच्या मोठ्या दाराची वरची कडी ओढत होते. कडी गंजलेली, एरवी एकच कवाड उघडायचो. दोनदा हात निसटला. तिसऱ्यांदा निघाली, आणि दाराची दोन्ही कवाडं उघडून ते तिथंच घाम पुसत उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात मला हा माणूस एवढा देखणा कधी दिसला नव्हता.

रेडिओ उठली. मला वाटलं माझ्याकडे येईल. ती सरळ मोठ्या साहेबांसमोर गेली आणि मान झुकवून उभी राहिली.

"मी आपली आपण आले नव्हते, साहेब. तुम्ही डोक्यावर हात ठेवून पाठवलं होतं. घरी पाठवतानाही तोच हात हवा."

"सेवा पूर्ण करून ये," ते म्हणाले. "मग ठेवीन."

"येताना मी काय पूर्ण केलं होतं? तेव्हा तर ठेवलात."

कित्येक आठवड्यांत ती एवढं बोलली नव्हती. साहेबांनी दोन्ही हातांनी समोरचं मेज धरून ठेवलं. ती मान झुकवून वाट बघत राहिली. ते हात मेजावरून हलले नाहीत.

मग मी पुढे गेले. बाईनं हात ठेवायचा नाही, असा इथला रिवाज आहे. मी ठेवला. केस घामानं ओले होते. माझ्या हातावर आमच्या ह्यांचा गंजानं माखलेला हात आला, मग जिराफचा, मग एकमेकांच्या खांद्यांवरून वाट काढत सगळ्या पोरांचे. प्रार्थना ह्यांनीच केली. "प्रभू, तूच हिला पाठवलंस, तूच हिला घरी ने. हिनं काही कमी केलेलं नाही." एवढीच. मी रडले. रडणारच होते.

जिराफनं बॅग उचलली. मी रेडिओला थांबवलं आणि तिच्यासमोरच तिच्या वडिलांना फोन लावला.

"निरोप दिला. भर मंडळीसमोर. पुढच्या दारानं निघाली आहे."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "मोठे साहेब होते?"

"होते की. अगदी समोर."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "डबा कुठला आहे तिचा? म्हणजे मी फलाटावर बरोबर तिथं उभा राहतो."

रेडिओनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

मी स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेले, तर मोठे साहेब तिथं उभे. "महिनाअखेरीस इथं दुसरी माणसं येतील," ते म्हणाले. "तयारी ठेवा."

"ठेवते. चहा घेणार?"

"नको."

पुढच्या दाराकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. सगळी पायऱ्यांवर दाटीवाटीनं टॅक्सीला हात करत उभी होती, आणि त्या सगळ्या आवाजावर एक आवाज, जिराफला औषधांपासून गॅलरीतल्या कबुतरांपर्यंत शंभर सूचना देत होता. साहेबांनी त्या दिशेला पाहिलं. पोरांच्या मधून जायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "इथून मागून एक वाट आहे ना?"

"आहे की, साहेब. तुम्हीच तर दाखवली होतीत."

मी कडी काढून दार उघडलं.

"जरा वाकून जा," मी म्हटलं. "दार बुटकं आहे."