पांढऱ्या चौकाखालची ऊनपेटी

मी एक जुनी ऊनपेटी आहे, मित्रांनो. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्याच वर्षी जव्हारच्या कान्हा सुताराने मला घडवलं. तळाला काजळी फासलेला पत्रा, त्यावर वळणावळणाची नळी, वर जुन्या खिडकीची काच. नळीतलं पाणी उन्हाने तापून शेजारच्या पिंपात चढे. पिंप बसवलं होतं भाताच्या तुसाने ठासलेल्या कणगीत, म्हणून पाणी सकाळपर्यंत ऊन राही.

"उन्हाळ्याची ऊब पावसाळ्यापर्यंत कोंडून दाखवीन," असं कान्हा म्हणे आणि भजन गुणगुणत रंधा चालवी. तेवढं काही त्याला साधलं नाही. पण जामसरला चैतीच्या अंगणात मला बसवलं, तेव्हा माणसं लांबून बघायला आली.

मग तो पौष आला. एका रात्री अवकाळी पावसाने सगळी लाकडं भिजली, आणि त्याच पहाटे चैतीची सून सोमी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूठभर पोर, अंग थंडगार! पिंपातलं पाणी बाळंतपणातच संपलेलं. चूल नुसती धुमसत होती, आणि धुराने पोरीचा श्वास अडत होता.

"सोमी, उराशी धर तिला, सोडू नको," कमू सुईण म्हणाली. "दुलईत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तरच टिकंल."

पिंप पुन्हा भरलं. लख्ख ऊन पडलं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे, आणि मी काही तापेना! दुपारी कमूने तोटी सोडली. "ही पेटी हाय का रांजण? पाणी तसंच गार!"

कान्हा त्या दिवसांत जवळच्याच पाड्यावर कामाला होता; निरोप मिळताच धापा टाकत आला. काचेतून बघतो तर काळा पत्रा दिसेचना. सगळीकडे पांढरं.

"चैतीबाय, हे काय?"

"देवाचा चौक लिवलाय, तांदळाच्या पिठानं नक्षी भरून. काच उचलून, सकाळीच. नातीसाठी सूर्यदेवाला पुजायला नको?"

"बाय, काळा पत्रा ऊन पितो. पांढरा आल्या वाटेनं परत धाडतो."

चैती काच उचलून चौकाकडे बघत बसली. लिहिलेला चौक आपल्याच हाताने पुसायचा? आतून पोरीचं रडणंही येईनासं झालं होतं.

"बघत काय बसलीस?" कमू ओरडली. "देव चौकात हाय का त्या पोरीत?"

चैतीने पदर खोचला. चौक पुसला, काजळी चोळली, काच लख्ख केली. डोळ्यांतून धारा आणि तोंडाने देवाचं नाव. ऊन कलायला लागलं होतं. मी मिळेल ते ऊन घटाघटा प्यायले. अखेर कमूने तोटीखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं गं बाय!"

असं आनंदाने भाजलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

बाटल्या भरून दुलईत गेल्या, आणि सांजेला आतून बारीक रडणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी चैतीने पुन्हा चौक लिहिला, पण माझ्या बाहेरच्या लाकडावर.

ती पोर चालायला लागल्यापासून रोज सकाळी माझी काच पुसायची. आता ती सासरी आहे, आणि काचेवर बोटभर धूळ आहे. मित्रांनो, मला हार नको, कुंकू नको. माझी पूजा करायचीच असेल, तर एक ओलं फडकं तेवढं घेऊन या.