सतरा ऑगस्टचा दौरा

राघवेंद्र पांपट्टीवारांचं मराठी अक्षर फार सुंदर होतं, आणि त्या अक्षरानेच त्यांचा घात केला.

झालं असं, की तेलुगू मुलखाच्या सरहद्दीवरच्या त्या मंडळ कचेरीत, म्हणजे आपल्याकडच्या तहसिलीत, वरून हुकूम आला. कचेरीतल्या प्रत्येक माणसाचा पगार, वर्षभरातले दौरे तारखांसकट, आणि त्यावर उचललेला प्रवासभत्ता, सगळं मोठ्या बोर्डावर छापून दारात लावा म्हणे, लोकांना कळू द्या. तेलुगू बोर्ड अदिलाबादहून छापून आला. पण मंडळातली निम्मी गावं मराठी वाचणारी, म्हणजे मराठी बोर्डही पाहिजे. आणि कचेरीत मराठी धड लिहिणारा माणूस एकच, आकडेवारी निरीक्षक पांपट्टीवार. गावोगाव जाऊन माणसं, गुरं, विहिरी मोजायच्या आणि रस्ता कसा आहे ते लिहून आणायचं, हे त्यांचं काम. तीन दिवस बसून त्यांनी सगळा मजकूर उतरवला, ऱ्हस्वदीर्घ तपासलं, आणि स्वतःच्या नावापुढे ‘सावळझरी, दौरे तेवीस, वाहन मोटारसायकल’ हेही टपोऱ्या अक्षरात लिहिलं. हात जरासुद्धा थरथरला नाही. आता बोला!

कारण सावळझरीला पांपट्टीवार जन्मात कधी गेले नव्हते.

सावळझरी म्हणजे मंडळातलं शेवटचं गाव. अठ्ठावीस किलोमीटर. लांबचं म्हणून भत्ता जास्त, आणि आडवळणाचं म्हणून बघायला कोण जातंय? महिन्यातून दोनदा डायरीत सावळझरी लिहायची, खाली ‘रस्ता सुस्थितीत’ असं ठोकून द्यायचं, आणि जैनथला उद्धव नावाच्या मित्राकडे कॅरम खेळत बसायचं. कॅरममध्ये मात्र माणूस पक्का. राणी एकदा हेरली की सोडायचा नाही.

शिवाय त्या महिन्यात पांपट्टीवार साहेबांची गाडी अगदी स्टेशनात आली होती. बढतीवर अदिलाबादला जायचा कागद तयार होता, फक्त सही बाकी होती. महिनाभर एकही तक्रार आली नाही की काम फत्ते. त्यांच्या पत्नीने, कुमुदिनीबाईंनी, गॅसचा पत्ता बदलायचा अर्जसुद्धा भरून ठेवला होता.

पहिले चार दिवस लोकांनी बोर्डावरचे नुसते पगार वाचले. दौऱ्यांत कोणाला रस? कचेरीसमोरचा चहावाला म्हणाला, “सायेब, बहात्तर हजार पगार, आन चहा हाफ?” त्या दिवसापासून पांपट्टीवारांना फुल चहा प्यावा लागला. घरी तर आजवर पासष्ट हजार सांगितलेले. कुमुदिनीबाई म्हणाल्या, “वरच्या सात हजारांचं आपण नंतर बोलू.” त्यांचं नंतर फार लांब नसायचं.

पाचव्या दिवशी सावळझरीच्या सरपंच रुक्माबाई आल्या. साठीची बाई, आवाज असा की कचेरीच्या मागच्या खोलीतला शिपाई जागा झाला. सोबत त्यांचा दीर मारोती, ऑटो चालवणारा, कमी बोलणारा. बाईंनी बोर्डावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि सरळ आत येऊन टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“पांपट्टीवार सायेब तुमीच का?”

“हो. बसा बाई.”

“बाप्पा बाप्पा! तेवीस डाव आले आमच्या गावाले, आन आमाले एक डाव दिसले नाई! काऊन रे मारोती, तुले दिसले?”

“नाई वैनी.”

“देव बी असाच असते. येते, पण दिसत नाई.”

पांपट्टीवारांनी कपाळ पुसलं. “बाई, मी घाईत असतो. मोजणी केली की निघतो.”

“आन गेल्या सालच्या सतरा ऑगस्टले? फटफटीवर?”

नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांच्याच अक्षरात दारात छापलेलं होतं. “हो, आलो होतो,” ते म्हणाले.

तेव्हा बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. गावाच्या तोंडाशी नाला आहे, त्यावर पूल द्या म्हणून सावळझरी तीन वर्षं दरख्वास्ती करत होती. गेल्या महिन्यात जवाब आला, पूल मिळणार नाही. कारण काय? तर आकडेवारी निरीक्षक भर पावसाळ्यात, सतरा ऑगस्टला, मोटारसायकलने नाला ओलांडून गावात पोचल्याची नोंद दप्तरात आहे, सबब पुलाची आवश्यकता दिसत नाही.

“आमी वाचून हैराण झालो,” रुक्माबाई म्हणाल्या. “म्हटलं हा बहाद्दर कोन? कागदात नाव नव्हतं. बोर्ड लागला तवा समजलं.”

“बाई, त्याचं असं आहे...”

“नाई नाई, आमी भांडाले नाई आलो. तुमी फटफटीवर येता, तं पूल पाह्यजे कायले? फकत एक डाव आमाले दाखवून द्या कसे येता ते. मंग सारं गाव तसंच जाईन-येईन. गुरुवारी पूल मंजूर करनाऱ्या अदिलाबादच्या मॅडम नाला पाहाले येऊन राह्यल्या. तुमी फटफटी घेऊन या.”

आणि हात जोडून, हसत हसत, बाई निघून गेल्या. पांपट्टीवारांना वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे तीन दिवस त्यांनी काय काय केलं ते विचारू नका. आख्खं मंडळ कपाशीसाठी पाऊस मागत होतं, आणि हा एकटा माणूस पाऊस पडू नये म्हणून मारुतीला नारळ फोडत होता. एकाविरुद्ध हजारो, देव कोणाचं ऐकणार? मंगळवारी पडला, बुधवारी तर धो धो पडला. मग साहेबांनी शेवटचा उपाय काढला आणि अंगावर चादर ओढून ताप आला म्हणून कण्हायला लागले.

कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. मग उठल्या आणि शोकेसमधली लाकडी ढाल आणून त्यांच्या छातीवर ठेवली. ढालीवर पितळी पट्टी होती: कॅरम स्पर्धा, विजेता, सतरा ऑगस्ट.

“आज बोर्ड वाचून आले मी,” त्या म्हणाल्या. “सतरा ऑगस्टला तुम्ही सावळझरीला होतात. मग हे कोणी जिंकलं?”

पांपट्टीवार कण्हायचे थांबले.

“वर्षभर दर रविवारी पुसते मी ही. आणि त्या दिवशी पुरात अडकलो म्हणालात, म्हणून मी तीनदा कढी गरम केली. तीनदा!”

“कुमुद, अगं ऐक तरी...”

“काही ऐकत नाही. उद्या मुकाट्याने जायचं. आणि ही ढाल सोबत न्या. लाकडाची आहे, तरंगेल.” असं म्हणून त्यांनी ती स्वतः त्यांच्या पिशवीत कोंबली.

गुरुवारी नाल्यावर जत्रा भरली होती. पल्याडच्या काठावर सगळं सावळझरी, डफडं, आरतीचं ताट, आणि ज्याच्या त्याच्या हातात फोन धरलेला. पुढे रुक्माबाई, कडेवर वर्षभराची पोर. अल्याड मॅडमची जीप, तिच्यात साहेबांची पिशवी, आणि जीपमागून आलेली साहेबांची फटफटी. मधे नाला, लाल पाण्याचा, चांगला फुगलेला. जीपच्या ड्रायव्हरने पाणी पाहून चावीच काढून खिशात टाकली.

मॅडम बारीक चणीच्या, मोजकं बोलणाऱ्या. छत्री उघडत म्हणाल्या, “पदंडी, पांपट्टीवारगारू.” म्हणजे चला, पांपट्टीवार साहेब. “तुम्हाला वाट माहीत आहेच.”

पल्याडून रुक्माबाईंची हाक आली, “सायेब, कोनीकडून घालता? बाभळीकडून का खडकाकडून?”

परीक्षेत न शिकवलेला प्रश्न यावा तसं झालं. “बाभळीकडून!” साहेब ओरडले.

“अऱ्याऱ्याऱ्या!” सगळा काठ कळवळला.

“तिथं डोह हाय सायेब! पण तुमाले जमत असन!”

“खडकाकडून! खडकाकडूनच म्हणालो मी!”

पाण्यामुळे ऑटोसकट अल्याडच अडकलेल्या मारोतीने न बोलता त्यांच्या कमरेला दोर बांधला. मग न राहवून एवढंच विचारलं, “दर खेपेले कोन बांधते दोर?”

साहेबांनी किक मारली. डफडं सुरू झालं. फटफटी पाण्यात उतरली, दहा हात गेली, पंधरा हात गेली, सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं, एक उचकी लागली आणि बंद पडली. मग हळूच आडवी झाली आणि साहेबांच्या टांगेखालून निघून डोहाकडे चालती झाली. साहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे, दोराचं दुसरं टोक मारोतीच्या हातात. दोन्ही काठांवर नुसता खिदळाट. फोन धरलेला एक हात खाली आला असेल तर शपथ!

हसल्या नाहीत फक्त मॅडम. त्यांनी विचारलं, “सतरा ऑगस्टला पाणी किती होतं?”

अजूनही फट होती. पांपट्टीवारांना बढती दिसली, अदिलाबाद दिसलं. “त्या दिवशी कमी होतं मॅडम,” ते म्हणाले. “गुडघ्याएवढं. आरामात आलो.”

रुक्माबाईंचं हसणं तिथंच थांबलं. त्यांनी डफड्यावर हात ठेवून ते बंद केलं.

“गुडघ्याएवढं?” त्यांनी कडेवरची पोर उचलून धरली. “सायेब, हे रुपा. माई नात. सतरा ऑगस्टचीच हाय. दवाखान्यात नाई झाली, घरात नाई झाली. इथं झाली, मी उभी हाय तिथं, बैलबंडीत, ताडपत्रीखाली. माई सून सकाळपासून पाणी उतराची वाट पाहत व्हती. त्या बाभळीच्या फांदीले पाणी लागलं व्हतं. दोघी वाचल्या, देवाची कृपा. नसत्या वाचल्या तं? तुमी त्या दिवशी आले असते, तं आमच्या बंडीले घासून गेले असते!”

रुपाला वाटलं सगळे आपल्याकडेच बघताहेत, म्हणून तिने साहेबांकडे बघून हात हलवला.

पांपट्टीवारांच्या जिभेवर आणखी एक थाप तयार होती. तारीख लिहिण्यात कारकुनाची चूक झाली म्हणायचं. पण कारकून तेच होते. आणि त्यांना लाज वाटली. एवढा वेळ नुसती भीती होती, आता खरी लाज वाटली. डोळे पाण्याने भरले, ते नाल्याच्या म्हणा की कशाच्या म्हणा.

“मी आलो नव्हतो,” ते म्हणाले.

“आयकू नाई आलं!” पल्याडून हाक आली.

“मी आलो नव्हतो! सतरा ऑगस्टला नाही, कधीच नाही! एकदाही नाही!”

“तेलुगूत सांगा,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “मला लिहून घ्यायचंय.”

“नेनु रालेदु!” पांपट्टीवार पोटातून ओरडले, आणि पल्याड डफड्यावर एक थाप पडली.

मारोतीने त्यांना ओढून काठावर घेतलं. जबाब लिहायला खाली काही टणक हवं होतं, म्हणून ड्रायव्हरने साहेबांच्या पिशवीत हात घातला आणि ढाल काढून दिली. मॅडमनी पितळी पट्टी वाचली. मराठी वाचायला बेताचंच येत असलं तरी कॅरम आणि तारीख कळली.

“कॅरम?”

“हो मॅडम.”

“जिंकलात?”

“हो मॅडम.”

“तेही लिहा,” मॅडम म्हणाल्या.

पांपट्टीवारांनी तेही लिहिलं, नेहमीच्याच सुंदर अक्षरात.

बढती गेली. तेवीस दौऱ्यांचा भत्ता पगारातून कापला जायला लागला, आणि वरच्या सात हजारांची वसुली कुमुदिनीबाईंनी वेगळी सुरू केली. फटफटी तिसऱ्या दिवशी बाभळीच्या मुळांत सापडली. पण त्याच जबाबावर पूल मंजूर झाला. दप्तरात नवी नोंद पडली की निरीक्षकांनी मॅडमसमक्ष प्रयत्न करूनही नाला ओलांडता आला नाही, सबब पूल अत्यावश्यक.

पुढच्या सालचा मराठी बोर्डही त्यांनीच लिहिला. सावळझरी, दौरे एक, अंतर साडेसत्तावीस किलोमीटर. हेडक्लार्कने विचारलं, गाव तर अठ्ठावीसवर आहे ना? पांपट्टीवार म्हणाले, “मी नाल्यापर्यंतच गेलो होतो. पुढचं अर्धं अजून बाकी आहे.”

उन्हाळ्यात पूल झाला आणि पहिल्याच सोमवारी ते उरलेलं अर्धं किलोमीटर चालत गेले. गाव पहिल्यांदाच पाहत होते. घरं एक्केचाळीस होती, त्यांच्या वहीत त्रेसष्ट होती. त्यांनी उभ्या उभ्या खोडलं. रुक्माबाईंनी ओसरीवर पाट मांडला, ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा वाढला. रुपा आता चालत होती. तिने मिठाची वाटी आणून अर्धी त्यांच्या मांडीवर सांडली.

“जेवा सायेब. तेवीस जेवणं बाकी हायत तुमचे.”

तिसऱ्या भाकरीला पांपट्टीवारांनी हात जोडले.

“बरं, आज एक झालं,” रुक्माबाई म्हणाल्या. “बावीस राह्यले. पुढच्या सोमवारी या. आन आता आले का दिसत जा.”